दुसरी किल्ली

४ फेब्रुवारी

नवी वही घेतली. डोक्यात काही साचायला लागलं की लिहून काढा, असं मनाच्या डॉक्टरनं मला फार वर्षांपूर्वी बजावलं होतं. लिहा, कुणाला दाखवू नका, आणि शहाणपणा करू नका. तिसरी गोष्ट सोडून बाकीचं जमतं.

आज परवाना कार्यालयात मी आणि शिट्टी जाऊन बसलो. शिट्टी म्हणजे पलटणीतला माझा जोडीदार. ओठ कायम गोल, काही ना काही वाजवत असतो, म्हणून शिट्टी. खरं नाव आता त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल. रोकड नेणाऱ्या गाडीवर दोन रक्षक हवे आहेत. अट एकच, बंदूक स्वतःची असावी आणि तिचा परवाना असावा. माजी सैनिक असाल तर उत्तम, असं कंपनीचा मॅनेजर म्हणाला. आमच्यासाठीच जागा काढल्यासारखं वाटलं. घरात बसून बसून बायकोच्या शिवणयंत्राचा आवाज पाठ झाला आहे, निदान कुणीतरी सकाळी आपली वाट बघेल.

अर्जात एक प्रश्न होता. पूर्वी कधी मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का? मी 'हो' लिहिलं. कुठे घेतले तेही लिहिलं.

शिट्टीनं मान वाकडी करून वाचलं. "अरे लेका, हे कशाला?"

"खरं आहे म्हणून."

त्याची शिट्टी बंद झाली. मग त्यानं आपल्या अर्जावर 'नाही' लिहिलं. त्याचं 'नाही'सुद्धा खरंच आहे म्हणा, तो कधी गेलाच नाही.

कारकुनानं माझा अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचं काचेचं वजन हळूच आपल्या बाजूला ओढून घेतलं. मला वाटलं कागद उडतील म्हणून असेल. पंखा बंद होता.

२६ फेब्रुवारी

शिट्टीला परवाना मिळाला. मला नकार. दोन ओळींचं पत्र आहे, 'मानसिक आजाराचा पूर्वेतिहास लक्षात घेता'. पूर्वेतिहास म्हणे! जसं काही मी राजघराण्यातला आहे.

आम्ही दोघांनी पलटणीचं शस्त्रागार सांभाळलं. तिथल्या दाराला दोन कुलुपं असायची आणि दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी शिट्टीकडे. एकट्यानं दार उघडायचं नाही, मग समोर सेनापती का उभा असेना. रोज सकाळी दारात उभं राहून तो विचारायचा, "तुझी?" मी म्हणायचो, "आहे. तुझी?" तो म्हणायचा, "आहे." मग उघडायचं. संध्याकाळी बंद करताना पुन्हा तेच. नियमात एवढं बोलायला सांगितलेलं नव्हतं, आमची आम्हीच लावून घेतलेली सवय. घरी सुट्टीवर आलो तरी दाराला कडी लावताना मी बायकोला विचारायचो, "तुझी?" आणि ती कंटाळून म्हणायची, "आहे हो, आहे!"

एका अख्ख्या पलटणीच्या बंदुका माझ्या कमरेला लटकत होत्या. तेव्हा कुणाला माझी भीती वाटली नाही. आता एका दुनळी बंदुकीची वाटते.

२८ फेब्रुवारी

परवा राहून गेलं ते लिहितो, नाहीतर आतच राहील.

पोरांना पुलावर पाठवलं त्या दिवसाचं. त्या सकाळी आम्ही पोरांना बंदुका दिल्या. नंबर बोलायचा, बंदूक उघडून रिकामी दाखवायची, सही घ्यायची. एकजण सही करताना म्हणाला, संध्याकाळी लवकर उघडा, आज सामना आहे. संध्याकाळी बंदुका परत आल्या. पोरं आली नाहीत. नियमाप्रमाणे आम्ही त्या पुसल्या, तेल दिलं आणि ज्याच्या त्याच्या खाचेत लावल्या. मी पुसत होतो, शिट्टी लावत होता. तो वाजवत होता. मला राग आला होता त्याचा.

त्यानंतर मला झोप येईना. उठून जायचो आणि कुलूप हलवून बघायचो. मग परत जायचो. शेवटी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, माझं काहीतरी बिघडलंय. त्यांनी ठेवून घेतलं. शिट्टी संत्री घेऊन यायचा आणि खाटेवर बसून स्वतःच खायचा. मी बरा होऊन परत कामावर आलो, निवृत्त होईपर्यंत तीच किल्ली सांभाळली.

बरा झालो, हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

९ मार्च

शिट्टी नव्या गणवेशात दाखवायला आला. खांद्यावर दुनळी, छातीवर कंपनीचा बिल्ला. मी अभिनंदन केलं. चेहरा बरा ठेवला असावा, कारण बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघून मान हलवत होती.

त्याची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली आहे ती अजून परतली नाही, आणि आता नातवाला सोडून येणारही नाही लवकर. घर खायला उठतं म्हणाला. मी म्हणालो, आता नोकरी आहे, बरं वाटेल. चहा पिता पिता मध्येच विचारतो, "तिथं वॉर्डात झोप यायची का रे तुला?"

आता हे विचारायची काही वेळ आहे? स्वतः बिल्ला लावून माझ्या दारात बसायचं आणि वर मला वॉर्डाची आठवण करून द्यायची. मी म्हणालो, "यायची. तिथं घोरणारा कुणी नव्हता." तो हसला, पण पोट धरून हसतो तसा नाही. कप अर्धा ठेवून गेला. नोकरी लागली की माणसाला आपला चहाही गोड लागत नाही.

१७ मार्च

वकील केला. अपील करायचं. वकिलाला मी मनातल्या मनात 'इस्त्री' म्हणतो, कपड्यांमुळे आणि बोलण्यामुळेही. सगळ्याच्या सुरकुत्या काढतो. म्हणाला, "आजार हा शब्दच काढायचा नाही. थकवा होता. कोणाला नसतो थकवा?"

मी म्हणालो, "थकवा नव्हता. मी कुलपाशी बोलत होतो."

तो म्हणाला, "हे माझ्यापाशी बोललात ते ठीक. तिथं बोललात तर मी पुढच्या पक्षकाराकडे वळतो."

आताच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं आणि जुन्या सहकाऱ्याची साक्ष. शिट्टी लगेच हो म्हणाला. तसा दिलदार आहे, एवढं मान्य करायला हवं.

२८ मार्च

आज त्याला घराबाहेर काढलं. लिहितानाही हात गरम होतोय.

संध्याकाळी आला, गणवेशातच. बसला नाही. खिशातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "बंदुकीच्या कपाटाला दुसरं कुलूप लावून घेतलं. ही तुझ्याकडे ठेव. सकाळी मी निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर ये, मिळून उघडू. पहिल्यासारखं."

मी विचारलं, "कशासाठी?"

"बरं वाटतं रे दोघं असले की."

मला एकदम मिरच्या झोंबल्या. याची कीव बघा! बंदूक मिळत नाही तर निदान कपाटाची किल्ली घे, लहान पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी. आणि अक्कल बघा! माझं अपील तोंडावर आलंय, आणि परवाना नसलेल्या माणसाच्या घरात परवान्याच्या बंदुकीची किल्ली सापडली तर इस्त्री काय, खुद्द देवही माझी केस लढणार नाही. मी हे सगळं त्याला सुनावलं. आवाज चढला. म्हणालो, "तुझी दया तुझ्या कपाटात ठेव, आणि तिला तिसरं कुलूप लाव."

तो म्हणाला, "दया नाही रे." किल्ली माझ्याकडे सरकवली. "एकट्यानं उघडायला नको वाटतं."

"मग नको उघडूस," मी म्हणालो.

त्यानं किल्ली उचलली आणि गेला. बायको दारापर्यंत त्याच्या मागे गेली. परत आली तेव्हा मला म्हणाली, "तुम्हाला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" मी म्हणालो, मला सगळं कळतं, लोकांना काय वाटतं माझ्याबद्दल तेच तर कळतं. ती शिवणयंत्रावर जाऊन बसली. यंत्र सुरू झालंच नाही.

३ एप्रिल

बायकोनं त्याला डबा द्यायचं काढलं आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक. तो एकटा आहे, धड जेवत नाही, म्हणे. मी म्हणालो, डब्यासाठी खानावळी आहेत. ती म्हणाली, आहेत.

माझ्या हातावर चहा ठेवते आणि पळते. मला थंड पोळी आणि त्याला गरम डबा. हरलेल्या माणसाची घरातसुद्धा हीच जागा असते.

१२ एप्रिल

आज ती फार वेळानं परतली. डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, कांदा. डबा तर भरलेलाच परत आला होता.

गळ्यात कात्री अडकवायची लाल फीत घालते ती, त्यात हल्ली काहीतरी किणकिणतं. विचारलं तर म्हणाली बटणं आहेत. असतील.

एक चांगलं झालं. आताच्या डॉक्टरनं मला तपासून ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. हसून म्हणाली, "तुम्ही त्या वेळी आपणहून गेलात, हीच सगळ्यात शहाणपणाची गोष्ट." मी विचारलं, हे वाक्य प्रमाणपत्रात टाकाल का? ती म्हणाली, त्याला रकाना नाही.

२० एप्रिल

सुनावणी झाली. सगळ्यावर पाणी फिरलं असं वाटतंय.

लांबट खोली, एक टेबल, पलीकडे अधिकारी. चष्मा कपाळावर चढवून त्यानं प्रमाणपत्र वाचलं आणि म्हणाला, "हे आजचं झालं. उद्याची हमी कोण देणार?"

उद्याची हमी त्या पोरांना तरी कुणी दिली होती? पण इस्त्रीनं माझ्या पायावर पाय ठेवला होता. मी पढवलेलं बोललो. "आजार नव्हता साहेब, थकवा होता." बोललो आणि तोंड कडू झालं. ज्या डॉक्टरनं मला झोप परत दिली, त्याला मी एका शब्दात खोटा पाडला. मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

मग शिट्टीला बोलावलं. तो उभा राहिला. बारीक झालाय, गणवेश खांद्यावरून ओघळतो. ठरलं होतं की त्यानं एवढंच म्हणायचं, हा माणूस शांत, जबाबदार, कधी तक्रार नाही. तो म्हणाला,

"साहेब, पुलानंतर झोप दोघांची गेली. हा दवाखान्यात गेला. मी नाही गेलो, मला लाज वाटली. दोघांतला जो गेला तो बरा झाला. बंदूक कुणाच्या हातात द्यायची असं मला विचाराल, तर याच्या."

अधिकाऱ्यानं चष्मा खाली घेतला. "आणि तुमच्याकडे आहे ती?"

"तेच म्हणतोय मी," शिट्टी म्हणाला.

इस्त्रीनं कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर मी शिट्टीवर उखडलो. मी थकवा म्हणालो, तू दवाखाना म्हणालास, एकाच बाजूच्या दोन जबान्या! आणि वर हे नाटक कशाला? याची झोप गेली म्हणे. ज्याच्या घोरण्यानं बराकीचे पत्रे हलायचे त्याची! माझ्यासाठी खोटं बोलला हे समजतं मला, मैत्रीत माणूस बोलतो, पण मग धड तरी बोलावं.

तो म्हणाला, "तू झोपलेला असायचास तेव्हा मी घोरायचो का, हे तुला कसं कळणार?" आणि बसस्टॉपकडे निघून गेला. याचा अर्थ काय ते मी अजून लावतोय.

६ मे

निकाल आला. माझं अपील फेटाळलं. साक्षीदाराच्या जबानीवरून आजार होता हे सिद्ध होतं आणि अर्जदारानं तो लपवण्याचा प्रयत्न केला, असं लिहिलंय. खरं लिहिलं तेव्हा आजारी ठरलो, खोटं बोललो तेव्हा लबाड ठरलो. खाली आणखी एक ओळ. साक्षीदाराचा परवाना चौकशी होईपर्यंत स्थगित, शस्त्र जमा करून घ्यावं.

मी ती ओळ वाचतच होतो तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती "आले" म्हणाली आणि चपला अर्ध्या पायात घालून निघाली. मी मागून. तिला एवढं जोरात चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

शिट्टीच्या घरात पोलीस आले होते, एक हवालदार आणि त्याचा साहेब. कपाट लोखंडी, वरखाली दोन कुलुपं. शिट्टीच्या हातात एक किल्ली. साहेब म्हणाला, "दुसरी कुठंय?"

शिट्टीनं दाराकडे बघितलं. मला वाटलं माझ्याकडे बघतोय. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

"वहिनी, तुमची?"

"आहे, भाऊजी," माझी बायको म्हणाली. "तुमची?"

"आहे."

तिनं गळ्यातली लाल फीत काढली. कात्रीशेजारी किल्ली होती. दोघांनी मिळून कुलुपं काढली, एक वरचं, एक खालचं. रोजची सवय असल्यासारखी, न अडखळता. मी दारात उभा होतो. माझ्या नावानं राखून ठेवलेल्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं मी बघत होतो, आणि ती जागा मीच रिकामी केली होती.

साहेबानं दुनळी उघडून बघितली. रिकामी. मग बायकोला म्हणाला, "बाई, परवाना नसताना याची किल्ली तुमच्याकडे? हा वेगळा गुन्हा होतो."

"लिहा," ती म्हणाली. "ही किल्ली माझ्याकडे नसती तर तुम्ही आज इथं बंदूक नाही, पंचनामा लिहायला आला असता."

हवालदारानं साहेबाकडे बघितलं. साहेबानं लिहिलं नाही. चांगला माणूस असावा, किंवा जेवायची वेळ झाली असेल.

जीप गेली. शिट्टी पायरीवर बसला. नोकरी गेली, परवाना गेला, आणि हा माणूस ओझं उतरवून ठेवल्यासारखा बसला होता. ओठ गोल केले, नुसती हवा आली. तेव्हा मला उमजलं की कित्येक दिवसांत मी त्याची शिट्टी ऐकलेलीच नाही. नवा गणवेश घालून आला तेव्हाही नाही. मी बिल्ला बघत होतो.

मी बायकोला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती फीत पुन्हा गळ्यात घालत होती. रागानं बोलली असती तर सोपं झालं असतं. "आधी तुमच्याकडेच आले होते ना ते," ती म्हणाली.

मी शिट्टीच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यानं समोर बघत पुन्हा तेच विचारलं. "तिथं झोप येते का रे?"

"येते," मी म्हणालो. "आधी रडू येतं. मग येते."

७ मे

शिट्टीला दवाखान्यात घेऊन गेलो. बायको म्हणाली मीही येते, मी म्हणालो नको, आज माझी पाळी. तिनं डबा दोघांचा दिला.

दवाखाना तोच, भिंतींचा रंग बदललाय. खिडकीतल्या बाईनं त्याचं नाव लिहिलं, वय लिहिलं. "पूर्वी कधी मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला हसू फुटलं आणि मग त्यालाही. पोट धरून हसला, पहिल्यासारखा. बाई वैतागली. तिला वाटलं आम्ही दोघंही आत जाणार.

"नाही," शिट्टी म्हणाला. "उशीर झाला जरा."

बाईनं कागद माझ्यापुढे सरकवला. रुग्णाच्या पूर्ण जबाबदारीची सही सोबत आलेल्या माणसानं करायची असते. तुम्ही कोण, तुम्हाला पूर्वी काही झालं होतं का, उद्याची हमी कोण देणार, यातलं तिनं मला काहीही विचारलं नाही. काल सरकारनं ज्याला एक दुनळी सांभाळायला नालायक ठरवलं, त्याच्या एका सहीवर तिनं अख्खा माणूस दाखल करून घेतला.

सही झाल्यावर पेन मात्र लगेच परत मागितलं.